वाटेवरचा किल्ला : शिलॉनच्या नऊ शतकांची कहाणी

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. सनावळ्यांच्या मागची माणसं शोधायची सवय त्यांनी मुलांना लावली. म्हणून आजच्या विषयासाठी मी लढाया किंवा राजवंश न निवडता एक वास्तू निवडली. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा सरोवराच्या पूर्व टोकाला, माँत्रो शहराला लागून, शिलॉन नावाचा किल्ला आहे. आल्प्समध्ये किल्ले पुष्कळ आहेत, पण एकाच जागेने इतकी वेगवेगळी कामं केलेली फारशी दिसत नाहीत. जकातनाका, राजवाडा, कोठार, कचेरी, शस्त्रागार, तुरुंग, तीर्थक्षेत्रासारखं पर्यटनस्थळ आणि संग्रहालय, हे सगळं त्या एका खडकावर घडलं.

जगाला मात्र शिलॉन माहीत आहे तो एका कैद्यामुळे आणि त्या कैद्यावरच्या एका कवितेमुळे. मला आज असं मांडायचं आहे, की एखाद्या वास्तूची सर्वांत गाजलेली गोष्ट ही तिची पूर्ण गोष्ट नसते, आणि बाकीच्या गोष्टी जपणं हे वास्तू जपणाऱ्यांचं पहिलं कर्तव्य आहे. शिलॉनने हे कर्तव्य बऱ्याच अंशी कसं पार पाडलं, ते आपण पाहू.

चिंचोळी पट्टी

आधी जागा समजून घेऊ. सरोवराच्या या टोकाला डोंगर थेट पाण्यात उतरतो. उतार आणि पाणी यांच्यामध्ये सपाट जमिनीची एक अरुंद पट्टी तेवढी उरते. या पट्टीवरून जुनी वाट जाते. उत्तरेकडून, म्हणजे बर्गंडी आणि शँपेनच्या बाजूने, लोझान आणि व्हेवेवरून येणारी ही वाट सरोवराच्या काठाने ऱ्होन नदीच्या खोऱ्यात शिरते आणि २,४६९ मीटर उंचीच्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतून इटलीत उतरते. रोमन सैन्य या खिंडीतून गेलं, रोमला जाणारे यात्रेकरू गेले, लोकरीचे गठ्ठे आणि मसाल्यांची ओझी लादलेली खेचरं गेली. मे १८०० मध्ये नेपोलियनची फौजसुद्धा याच खिंडीने इटलीत उतरली.

आता या पट्टीच्या सर्वांत अरुंद भागासमोर, काठापासून काही हातांवर, पाण्यात एक लांबट चुनखडीचा खडक आहे. साधारण शंभर मीटर लांब, पन्नास मीटर रुंद. मध्ये पाण्याचा आयता खंदक. या खडकावर बसलेल्या माणसाच्या नजरेतून वाटेवरचं एकही खेचर सुटत नाही. इथे ब्राँझयुगापासून माणसाचा वावर असल्याच्या खुणा उत्खननात मिळाल्या आहेत, आणि जागा पाहिली की त्याचं नवल वाटत नाही. गडकोट पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांना तर हे सांगावंच लागत नाही, की किल्ल्यासाठी आधी जागा ठरते आणि राजा नंतर येतो.

शिलॉनचा पहिला लेखी उल्लेख ११५० सालचा आहे, आणि तो कशाबद्दल आहे पाहा. सॅव्हॉय घराण्याचा काउंट तिसरा हंबर्ट ओक्रे इथल्या सिस्टर्शियन मठाच्या साधूंना शिलॉनपाशी मोकळी ये-जा करू देतो, असा तो दस्तऐवज. साधूंना माफी दिली, म्हणजे बाकीच्यांना ती नव्हती. ज्या किल्ल्याभोवती पुढे इतकी रम्य वर्णनं गुंफली गेली, तो इतिहासात पहिल्यांदा दिसतो तो नाक्याच्या रूपात.

१२१४ मध्ये सॅव्हॉयच्या पहिल्या थॉमसने किल्ल्यापासून जवळच व्हीलनव्ह नावाची नवी पेठ वसवली. जकात, गोदामं, उतारू, खानावळी यांची सोय तिथे झाली आणि किल्ला त्या पेठेचा राखणदार बनला. सॅव्हॉय घराणं डोंगराळ मुलखातलं. त्यांच्याकडे मोठी सुपीक मैदानं नव्हती, पण आल्प्सच्या खिंडींच्या दोन्ही तोंडांवर त्यांचा ताबा होता. युरोपचा व्यापार ज्या दारांतून जायचा त्या दारांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला होत्या, आणि शिलॉन ही त्यांतली एक.

दोन तोंडांची वास्तू

आज आपण पाहतो त्या शिलॉनला मुख्यत्वे घडवलं ते तेराव्या शतकाच्या मध्यात, सॅव्हॉयच्या दुसऱ्या पीटरने. हा विलक्षण माणूस होता. त्याची भाची एलिनॉर इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीची राणी. त्या नात्याने पीटर इंग्लंडच्या दरबारात वावरला आणि १२४६ मध्ये त्याला लंडनमध्ये जागा मिळाली. लंडनमधलं आजचं सॅव्हॉय हे ठिकाणाचं नाव त्याच्यापासून चालत आलं आहे. सॅव्हॉयच्या मुलखात काम केलेला जेम्स नावाचा एक वास्तुकार पुढे इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डकडे गेला आणि त्याने वेल्समध्ये हार्लेक, कॉनवी, ब्यूमॅरिस यांसारखे किल्ले उभे केले. विसाव्या शतकात इतिहासकार अर्नोल्ड टेलर यांनी हा धागा उलगडून दाखवला. हार्लेकच्या दरवाजा-इमारतीतल्या खिडक्यांची घडण शिलॉनच्या खिडक्यांशी जुळते, हा त्यातला एक पुरावा. आल्प्समधल्या गवंड्यांचं कसब समुद्र ओलांडून वेल्सच्या किनाऱ्यावर पोहोचलं, ते असं.

किल्ल्याला दोन तोंडं आहेत, आणि ही गोष्ट प्रत्यक्ष पाहताना मनावर ठसते. रस्त्याच्या बाजूने गेलात तर समोर तट येतो. त्यातून पुढे आलेले तीन अर्धगोल बुरूज, त्यांत बाण सोडायच्या उभ्या फटी, वरती छपराखाली पहारेकऱ्यांचा फिरता मार्ग. एकही मोठी खिडकी या अंगाला नाही. सरोवराच्या बाजूने होडीतून आलात तर तीच वास्तू मोकळ्या चेहऱ्याची दिसते. कोरीव कमानींच्या रुंद खिडक्या, दिवाणखाने, पाण्यावर पडणारा उजेड. शत्रू यायचा तो वाटेने आणि वारा यायचा तो पाण्यावरून, म्हणून वाटेकडे भिंत आणि पाण्याकडे खिडकी. वापर बदलला की इमारत बदलते, असं आपण म्हणतो. शिलॉनमध्ये मात्र दोन वापर एकाच वेळी एकाच भिंतीच्या दोन अंगांना नांदत होते.

आत सुमारे पंचवीस इमारती आहेत. एकेक करून बांधल्या गेल्या आणि हळूहळू एकमेकींना जोडल्या गेल्या. काउंटच्या शयनगृहात चौदाव्या शतकातली भित्तिचित्रं अजून शिल्लक आहेत. भिंतीवर खरे आणि कल्पित प्राणी रंगवलेले आहेत. जवळच्या देवघरातही, म्हणजे सेंट जॉर्जच्या छोट्या चॅपेलमध्ये, त्याच शतकातलं रंगकाम आहे. आणि या थाटामाटापासून काही पावलांवर शौचकूप आहेत, सरोवरावर थेट उघडणारे, लाकडी फळीला भोक पाडलेले. मला दोन्ही सारखीच मोलाची वाटतात. चित्रं सांगतात की या माणसांना स्वतःला कसं पाहावंसं वाटत होतं. फळी सांगते की ती कशी जगत होती.

कसं जगत होती, याची आणखी एक साक्ष आहे. सॅव्हॉयच्या किल्लेदारांना आपल्या कारभाराचा हिशेब चर्मपत्राच्या गुंडाळ्यांवर लिहून वरिष्ठांना द्यावा लागे. शिलॉनच्या अशा गुंडाळ्या तेराव्या शतकाच्या मध्यापासूनच्या आहेत आणि आज तुरिनच्या दप्तरखान्यात जपल्या आहेत. धान्य किती आलं, जकात किती जमली, सुताराला काय दिलं, छपराला काय लागलं, हे सगळं लॅटिनमध्ये ओळीने. सॅव्हॉयचा दरबार तेव्हा फिरता असे. काउंट आला की खेचरांवरून गालिचे, पडदे, भांडीकुंडी यायची, रिकामे दिवाणखाने भरायचे, आणि तो गेला की सगळं पुन्हा गुंडाळलं जायचं. मागे उरायचा किल्लेदार, शिबंदी आणि हिशेब. म्हणजे राजवाडा हा वापर अधूनमधूनचा होता. नाका, कोठार आणि कचेरी हा रोजचा.

पुढे दोन गोष्टी घडल्या. आल्प्समधली गॉटहार्ड खिंडीची वाट रुळली आणि शँपेनच्या मोठ्या व्यापारी जत्रा ओसरल्या, त्यामुळे सेंट बर्नार्डच्या वाटेवरचा ओघ आटला. आणि सॅव्हॉयचा दरबार शाँबेरीला स्थिरावला. शिलॉनची राजेशाही उतरणीला लागली.

तळघर

आता खाली उतरू या. किल्ल्याच्या पायाशी, सरोवराच्या बाजूला, तेराव्या शतकातली तळघरं आहेत. मधोमध दगडी खांबांची रांग, त्यांवरून फुटून छताला भिडणाऱ्या कमानी. एका अंगाला भिंतीऐवजी मूळ खडकच आत घुसलेला आहे. हे बांधकाम इतकं सुबक आहे की पाहणाऱ्याला एखाद्या चर्चमध्ये आल्यासारखं वाटतं. बांधली ती कोठार म्हणून. पुढे किल्ला बर्न या स्विस शहराच्या ताब्यात गेला, त्या अमदानीत सरोवरातल्या लढाऊ जहाजांचा सरंजाम इथे राहिला. आणि वेळोवेळी इथे माणसं डांबली गेली.

त्यांतल्या काहींबद्दल आपण थांबून बोललं पाहिजे, कारण त्यांच्यावर कविता झाली नाही.

१३४८ साली युरोपात महामारी पसरत होती. कारण कुणालाच कळत नव्हतं, आणि कारण कळत नसलं की माणसं माणसाला धरतात. ज्यूंनी विहिरींत विष कालवलं, अशी आवई उठली. या भागातल्या ज्यूंना पकडून शिलॉनमध्ये आणलं गेलं. त्यांत बालाव्हिन्यी नावाचा एक वैद्य होता, सरोवरापलीकडच्या तोनों गावी राहणारा. १५ सप्टेंबर १३४८ रोजी शिलॉनमध्ये त्याचा छळ करून त्याच्याकडून कबुली घेतली गेली. विष कुणी पाठवलं, कोणत्या विहिरीत टाकलं, कोण सामील होतं, हे सगळं त्याच्या तोंडून वदवून घेतलं. त्याच महिन्यात पोप सहावे क्लेमंट जाहीर करत होते की हा आरोप खोटा आहे, कारण ज्यूही त्याच रोगाने मरत आहेत. त्या आवाजाचा उपयोग झाला नाही. स्ट्रासबुर्ग शहराने माहिती मागवली तेव्हा शिलॉनच्या किल्लेदाराने या कबुल्यांची नक्कल तिकडे धाडली. १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबुर्गमध्ये शेकडो ज्यूंना जिवंत जाळण्यात आलं. महामारी तोवर त्या शहरात पोहोचलीही नव्हती.

श्रोतेहो, इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मघाशी मी हिशेबाच्या गुंडाळ्यांचं कौतुक केलं. त्याच लेखणीची, त्याच कचेरीची, त्याच नीटनेटकेपणाची ही दुसरी बाजू. पैन्‌पैचा हिशेब ठेवणाऱ्या कचेरीनेच छळातून आलेला खोटेपणा व्यवस्थित नकलून दुसऱ्या शहरात पाठवला. शिलॉनवरून लोकर गेली, मसाले गेले, तशी ही अफवाही गेली, आणि तिने जाताना माणसं मारली.

पुढच्या शतकांत चेटकाच्या आरोपाखाली स्त्रिया आणि पुरुष याच तळघरांत आले. शिलॉन ज्यात येतो तो व्हो हा प्रदेश या खटल्यांबाबत युरोपातल्या अतिशय कठोर प्रदेशांपैकी एक होता. त्या बहुतेकांची नावं आज कुणाच्या ओठांवर नाहीत. किल्ल्यातल्या प्रदर्शनांतून हा इतिहास आता उघडपणे मांडला जातो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

एक कैदी आणि एक कविता

ज्या कैद्याचं नाव सर्वांच्या ओठांवर आहे, तो फ्रान्स्वा बोनिव्हार. जन्म १४९३ चा. जिनिव्हाच्या वेशीबाहेरच्या सेंट व्हिक्टर मठाचा तो प्रमुख होता. जिनिव्हा शहराला सॅव्हॉयच्या ड्यूकच्या वर्चस्वातून सुटायचं होतं आणि बोनिव्हार शहराच्या बाजूने उभा राहिला. एकदा तुरुंगवास भोगूनही तो बधला नाही. १५३० मध्ये प्रवासात त्याला पकडून शिलॉनमध्ये आणलं. पहिली दोन वर्षं त्याला वरच्या खोलीत बऱ्यापैकी ठेवलं होतं. १५३२ मध्ये ड्यूक तिसरा चार्ल्स किल्ल्यावर येऊन गेला आणि त्यानंतर बोनिव्हार तळघरात गेला. तिथे चार वर्षं. येरझाऱ्या घालून घालून खडकावर माझी वाट पडली, अशा अर्थाचं त्याने नंतर स्वतःच लिहून ठेवलं आहे.

१५३६ मध्ये बर्नच्या फौजेने व्होचा मुलूख काही आठवड्यांत घेतला. शिलॉन शेवटपर्यंत टिकला. २९ मार्चला तोही पडला, शिबंदी जहाजातून पसार झाली आणि बोनिव्हार सुटला. जिनिव्हाला परतला तेव्हा त्याचा मठ उरलेला नव्हता. शहराच्या संरक्षणासाठी शहरवासीयांनीच तो पाडला होता. शहराने त्याला निर्वाहाची सोय करून दिली आणि आपला इतिहास लिहायचं काम सोपवलं. तो १५७० पर्यंत जगला, आणि त्याने मागे ठेवलेल्या पुस्तकांतून जिनिव्हाच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा पाया घातला गेला. कैदी म्हणून अजरामर झालेल्या या माणसाने त्या काळकोठडीनंतर तब्बल चौतीस वर्षं लिहिण्या-वाचण्यात काढली. ही त्याच्या आयुष्याची खरी कमाई, आणि तीच सर्वांत कमी सांगितली जाते.

त्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षं शिलॉन बर्नकडे होता. बर्नचा सुभेदार तिथे राहायचा. मोठ्या दालनात या सुभेदारांची कुलचिन्हं रंगवलेली आहेत, एकामागून एक, बदलून गेलेल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या फळ्यांसारखी. १७३३ मध्ये सुभेदाराने बिऱ्हाड हलवलं आणि तो व्हेवेला सोईच्या घरात राहायला गेला. किल्ला धान्य, माल आणि बंदिवानांपुरता उरला. जानेवारी १७९८ मध्ये व्होच्या जनतेने बर्नचं राज्य झुगारलं, तेव्हा आसपासच्या लोकांनी किल्ला ताब्यात घेतला. १८०३ मध्ये व्हो हे स्वित्झर्लंडचं स्वतंत्र कँटन, म्हणजे घटक राज्य, झालं आणि शिलॉन त्याच्या मालकीचा झाला. कँटनने त्याचा उपयोग दारूगोळ्याचं कोठार आणि तुरुंग म्हणून केला. युरोपातले शेकडो किल्ले नेमके याच टप्प्यावर नाहीसे झाले. कामाचे उरले नाहीत, आणि तयार घडवलेला दगड फुकट मिळत होता.

शिलॉनला वाचवलं ते साहित्याने. १७६१ मध्ये रूसोची ‘ज्यूली’ ही कादंबरी आली. तिच्यात शिलॉनच्या सहलीत नायिकेचं मूल पाण्यात पडतं, ती त्याला वाचवायला उडी घेते आणि त्यातूनच तिचा अंत होतो. लोक हा काठ पाहायला येऊ लागले. १८१६ च्या जूनमध्ये दोन तरुण इंग्रज कवी, बायरन आणि शेली, याच कादंबरीचा माग काढत होडीने सरोवरात फिरत होते. तो उन्हाळा नसलेला उन्हाळा होता. आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला होता, त्याच्या राखेने युरोपचं आकाश झाकोळलं होतं. दोघांनी शिलॉनचं तळघर पाहिलं. पुढे पावसाने त्यांना लोझानजवळच्या उशी बंदरात अडकवलं, आणि तिथल्या खानावळीत बायरनने ‘द प्रिझनर ऑफ शिलॉन’ लिहून काढली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ती प्रसिद्ध झाली.

कवितेतला कैदी भावांसह साखळदंडात आहे. भाऊ त्याच्या डोळ्यांदेखत मरतात. खऱ्या बोनिव्हारच्या बाबतीत असं काही घडलं नव्हतं. बायरनला त्याची हकिकत तेव्हा नीट ठाऊकही नव्हती. पण युरोप तेव्हा नेपोलियनच्या पाडावानंतर जुन्या राजांच्या हाती परत गेला होता, आणि स्वातंत्र्यासाठी खितपत पडलेला माणूस ही प्रतिमा त्या पिढीच्या काळजाला भिडली. तळघरातल्या तिसऱ्या खांबावर बायरनचं नाव कोरलेलं आहे, आज काचेखाली जपलेलं. ते त्यानेच कोरलं का, यावर जाणकारांत मतभेद आहेत. लोक मात्र बोनिव्हारचा खांब पाहायला येतात आणि बायरनचं नाव पाहून जातात.

मग रीघच लागली. दलाक्र्वाने १८३४ मध्ये कैद्याचं चित्र काढलं, हेन्री जेम्सने ‘डेझी मिलर’ मधल्या तरुणीला इथे आणलं. पॅरिस कम्यूननंतर परागंदा झालेला चित्रकार कुर्बे शेवटची वर्षं याच काठावर राहिला आणि त्याने शिलॉन पुन्हा पुन्हा चितारला. माँत्रोत मोठमोठी हॉटेलं उभी राहिली. १८६१ मध्ये काठाने रेल्वे आली. १८८८ मध्ये व्हेवेहून माँत्रोमार्गे शिलॉनपर्यंत विजेवरची ट्राम सुरू झाली, ती स्वित्झर्लंडमधली पहिली. एका कवितेने किल्ल्याला नवं काम दिलं आणि त्या कामाने त्याला मोडण्यापासून वाचवलं.

बायरनचं हे ऋण मान्य केलंच पाहिजे. पण याच कवितेच्या उजेडात बालाव्हिन्यी आणि चेटकाच्या आरोपातले ते अनाम लोक दिसेनासे झाले, हेही तितकंच खरं. स्वातंत्र्याचं मंदिर म्हणून लोक ज्या तळघरात नतमस्तक होत होते, तिथे इतरांवरही अन्याय झाला होता, आणि तो अधिक भीषण होता.

नेफ यांच्या खुणा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किल्ल्याच्या जीर्णोद्धारासाठी संस्था स्थापन झाली, आणि प्रश्न उभा राहिला की दुरुस्ती करायची कशी. त्या काळी यावर मोठा वाद होता. फ्रान्सचे व्हियोले-ल-द्यूक म्हणत, की वास्तू तिच्या परिपूर्ण रूपात आणावी, मग ते रूप इतिहासात कधी प्रत्यक्षात असो वा नसो. हेच गृहस्थ लोझानच्या कॅथेड्रलचं काम पाहत होते आणि १८७९ मध्ये लोझानलाच वारले. दुसऱ्या टोकाला इंग्लंडचे जॉन रस्किन होते. जीर्णोद्धार म्हणजे वास्तूचा नाशच, असं त्यांचं ठाम मत होतं.

शिलॉनचं काम आलं आल्बेर नेफ यांच्याकडे. जन्म १८६२ चा. पुढे ते कँटनचे पुरातत्त्वज्ञ झाले. व्हो कँटनने १८९८ मध्येच ऐतिहासिक वास्तूंच्या रक्षणाचा कायदा केला होता, स्वित्झर्लंडमधला असा पहिला. नेफ यांनी आधी खोदून पाहिलं, मोजलं, रोजच्या रोज नोंदवह्या लिहिल्या. एकावर एक चढलेल्या भिंतींचा क्रम लावला. आणि मग दुरुस्ती करताना त्यांनी एक साधी शिस्त पाळली. नव्याने केलेल्या भागांवर अक्षरांच्या खुणा घातल्या. हा भाग दुरुस्त केलेला आहे. हा पुराव्यावरून हुबेहूब घडवलेला आहे. हा पुरावा नसताना आमच्या विचाराने घडवलेला आहे. प्रत्येकाची खूण निराळी.

किल्ल्यात फिरताना या खुणा शोधल्या तर सापडतात. एखाद्या चौकटीच्या दगडावर लहानसं अक्षर. हजारो लोक त्याच्याकडे न पाहता पुढे जातात. मला मात्र ते अक्षर तिसऱ्या खांबावरच्या नावाइतकंच मोठं वाटतं. कवीने, किंवा त्याच्या चाहत्याने, आपलं नाव कोरलं ते मी इथे होतो हे सांगायला. नेफ यांनी अक्षर कोरलं ते पुढच्या माणसाची फसवणूक होऊ नये म्हणून. जुनं कुठे संपतं आणि मी कुठे सुरू होतो, हे त्यांनी कबूल करून ठेवलं. माझ्या मते आल्प्समधल्या या किल्ल्याने जगाला दिलेला सर्वांत मोठा धडा हा आहे.

वाट अजून चालूच आहे

विसाव्या शतकात त्या चिंचोळ्या पट्टीने पुन्हा आपलं जुनं महत्त्व दाखवलं. दुसऱ्या महायुद्धात स्वित्झर्लंड चारी बाजूंनी वेढला गेला, तेव्हा जनरल गिसाँ यांनी आल्प्सच्या गाभ्यात माघार घेऊन तिथून लढण्याचा बेत आखला. त्या गाभ्याकडे जाणाऱ्या वाटांवर गुप्त किल्ले खोदले गेले. शिलॉनच्या समोर, रस्त्यापलीकडच्या कड्याच्या पोटात, १९४१ पासून असाच एक किल्ला कोरला गेला. तोफांची तोंडं खडकात लपलेली. तेराव्या शतकातल्या पीटरने जी पट्टी रोखली, तीच विसाव्या शतकातल्या सैन्याने रोखली. आज तो कोरीव किल्लाही संग्रहालय झाला आहे.

१९६० च्या दशकात मोटाररस्ता आला. पट्टीवर जागाच नव्हती, म्हणून डोंगराच्या उतारावर, झाडीच्या वरून, खांबांवर दोन किलोमीटरहून लांब पूल उभारला गेला. शिलॉनचा हा जोडपूल १९६९ मध्ये पुरा झाला. आज किल्ल्याच्या दारात उभं राहून मागे वळून पाहिलं तर थर दिसतात. पायवाट, रस्ता, रूळ, कड्यातला किल्ला, आणि वर आकाशाला लागून वाहणारा मोटाररस्ता. हा रस्ता पुढे ग्रेट सेंट बर्नार्डच्या बोगद्याकडे नेतो. १९६४ मध्ये उघडलेल्या त्या बोगद्यातून जायला आजही पैसे मोजावे लागतात.

किल्ल्याचा कारभार २००२ पासून एका प्रतिष्ठानकडे आहे. दरवर्षी लाखो लोक येतात. तळघरांच्या एका भागात पुन्हा वाइनची पिंपं आहेत. जवळच्याच मळ्यातल्या द्राक्षांची वाइन तिथे मुरते, म्हणजे कोठाराला कोठाराचं काम परत मिळालं. दिवाणखान्यांत समारंभ होतात, मैफली होतात. काहींना हे खटकतं. मला खटकत नाही. शिलॉन कधीच एका कामासाठी राखीव नव्हता, आणि ज्या दिवशी त्याच्याकडे कुठलंच काम उरणार नाही त्या दिवशी छप्पर गळायला लागेल. तिकिटाच्या पैशांतून भिंती उभ्या राहतात, हे लाजायचं कारण नाही.

अट एकच आहे. आजच्या काळात जुन्या वास्तूंचं मुख्य काम सांगण्याचं आहे, आणि ते काम नाक्यावरच्या कारकुनाइतक्या चोखपणे झालं पाहिजे. जे दालन अभिमानाचं आहे ते दाखवावं, जे शरमेचं आहे तेही दाखवावं. कवितेमुळे लोक येतात तर येऊ द्यावेत, पण जाताना त्यांना कवितेबाहेरची माणसंही भेटली पाहिजेत. जिथे पुरावा आहे तिथे तो मांडावा, जिथे आपण कल्पनेने भर घातली आहे तिथे खूण करावी. हे फक्त दगडी भिंतींना लागू नाही. माणसाची स्मृती जपतानाही हाच नियम चालतो. कुणाच्या नावाने व्याख्यानमाला चालवायची असेल, तर त्या माणसाचं गौरवगीत गाऊन भागत नाही. त्याने जे प्रश्न विचारायला शिकवले ते विचारत राहावे लागतात.

पुढच्या पिढ्या आपल्या हातून दुरुस्त झालेल्या वास्तूंत फिरतील आणि आपण लिहिलेला इतिहास वाचतील. जुनं कोणतं, आपण घातलेलं कोणतं आणि आपण गाळलेलं कोणतं, हे त्यांना कुणालाही न विचारता कळलं, तर आपण आपलं काम नीट केलं असं म्हणता येईल.